फोन तिचा नाही, हे धरून चाला

मुलींच्या आरोग्यासाठी मोबाईलवर काही करायचं ठरलं की बैठक सरकारी असो वा संस्थेची, पहिली कल्पना निघते ती ॲपची. नाव ठरतं, रंग ठरतात, उद्घाटन होतं आणि वर्षभराने किती जणींनी ते उतरवून घेतलं याचा आकडा अहवालात येतो. ज्या मुलीसाठी हा खटाटोप, तिच्या हातात फोन कधी येतो, किती वेळ राहतो आणि तिच्याकडून तो कोणाकडे परत जातो, याची चौकशी क्वचितच झालेली असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या शाळांत आठवी ते बारावीच्या मुलींशी मी आरोग्याविषयी बोलते. त्यातून माझं मत पक्कं झालं आहे. फोन तिचा नाही, हे धरूनच तिच्यासाठीचं डिजिटल आरोग्यशिक्षण घडवायला हवं. भाषा, चित्रं, तंत्रज्ञान हे सगळं त्याच्या नंतर.

शिक्षणाची देशव्यापी पाहणी करणाऱ्या ‘असर’ने २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी केली, तेव्हा जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे होते ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. म्हणजे फोन घरात आहे, पण पाचातल्या चौघींना तो मागून घ्यावा लागतो. आपल्या किनाऱ्यावर तो कोणाकडे मागायचा, हाही प्रश्नच. वडील ट्रॉलरवर खलाशी असले तर फोन त्यांच्याबरोबर समुद्रात जातो. ते मुंबईला नोकरीला असले तर घरात आईचा बटणांचा फोन उरतो. मोठा भाऊ असला तर स्मार्टफोन त्याचा. मुलीच्या वाट्याला येतो तो संध्याकाळचा अर्धा तास, तोही अभ्यासाच्या नावाने, पडवीत बसून, जिथे आजी वाती वळत असते आणि धाकटी भावंडं खांद्यावरून डोकावत असतात. वाडी खोलात, खाडीच्या अंगाला असली तर रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळी पठारावर, चढावं लागतं. टाळेबंदीत मुली छत्री घेऊन सड्यावर बसून तास ऐकत होत्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आता या मुलीच्या हातात नेहमीचं आरोग्य-ॲप ठेवून बघा. ते आधी मोबाईल नंबर मागतं. ओटीपी जातो बाबांच्या नंबरवर. मग जन्मतारीख, शाळा, शेवटच्या पाळीची तारीख. अकरावीतल्या एका मुलीने मला सांगितलं, भाऊ क्रिकेटचा सामना बघत असताना ‘तुमची पाळी दोन दिवसांत अपेक्षित आहे’ अशी सूचना पडद्यावर उतरली. तो काहीच बोलला नाही, फोन तिच्या हातात देऊन उठून गेला. तिने त्याच मिनिटाला ॲप काढून टाकलं आणि पुन्हा कधी असलं काही घेतलं नाही. ॲपमधली माहिती चांगली होती का? असेलही. ती पहिल्या आठवड्यानंतर तिच्या उपयोगाची राहिली नाही.

म्हणून पहिली अट अशी की मुलीला आपलं नावगाव सांगावं लागता कामा नये. नोंदणी नको, लॉगिन नको, सूचना नकोत, तारखांची वही सर्व्हरवर नको. याला कायद्याचाही आधार आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे, तिची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. अनेक संस्था यावर वाट शोधतात ती संमतीपत्राची. मला सरळ वाट दुसरी दिसते: तिची माहिती मुळात घेऊच नका. पाळी किती दिवसांनी यावी हे सांगायला तिची जन्मतारीख लागत नाही. ‘फ्लो’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या पाळीच्या ॲपने वापरणाऱ्या बायकांची माहिती फेसबुक आणि गुगलसारख्या कंपन्यांकडे जाऊ दिल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२१ मध्ये त्यावर समझोता झाला. तिथल्या कमावत्या बाईची ही गत असेल, तर देवगडच्या नववीतल्या मुलीने कोणाच्या भरवशावर तारखा भरायच्या?

मग साधन कोणतं? माझ्या मते आवाज. सरकारची ‘किलकारी’ सेवा २०१६ पासून गरोदर बायकांना आणि नव्या आयांना दर आठवड्याला फोन करून माहिती ऐकवते, एकूण ७२ संदेश. साध्या फोनवर चालते, वाचता यावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. आवाजाने काम होतं याचं हे मोठं उदाहरण आहे. पण तीच पद्धत उचलून मुलींना लावायची म्हटलं तर मोठी अडचण आहे आणि ती आधीच ओळखली पाहिजे. गरोदर बाईला येणारा फोन घरात सगळ्यांना हवा असतो, सासूसुद्धा तो ऐकते. मुलीसाठी केलेला फोन मात्र वाजेल तो बाबांच्या खिशात, भर समुद्रात, जाळं ओढताना. ‘मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करू’ हेही तसंच. ती मिस्ड कॉल देईल संध्याकाळी साडेसहाला, तुमचा फोन येईल सात वाजता, आणि तोवर फोन दुसऱ्याच्या हातात गेलेला असेल.

तेव्हा फोन कायम तिच्याकडूनच लागायला हवा, फुकटच्या नंबरवर, तिच्या हातात फोन असेल त्या दहा मिनिटांत. उलट फोन नाही, नंतर एसएमएस नाही. कॉलच्या यादीत तो नंबर उरणारच, म्हणून तो केवळ ‘मुलींचा’ नंबर नसावा. त्याच नंबरवर आजीला रक्तदाबाचं ऐकता यावं, विंचू चावला तर काय करायचं ते कळावं, दहावीच्या मुलाला परीक्षेच्या ताणावर दोन शब्द मिळावेत. घरात सगळेच ज्याला फोन करतात त्या नंबरवर मुलीने फोन केला तर कोणी भुवया उंचावत नाही. तिला हवा तो विभाग दोन-तीन बटणांच्या आत मिळावा आणि मध्येच कोणी आलं म्हणून फोन ठेवला तर पुढच्या वेळी सुरुवातीपासून सगळं ऐकावं लागू नये. त्यासाठी प्रत्येक विषयाला दोन आकडी क्रमांक द्या आणि तो शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारावर आतून लावा.

हेच संदेश फाईलच्या रूपातही असावेत. तीन मिनिटांचा बोललेला संदेश अर्ध्या एमबीच्या आत बसतो, तेवढ्याच वेळाचा व्हिडिओ दहा-वीस एमबी खातो. सड्यावर मिळणाऱ्या तोकड्या रेंजमध्ये हा फरक फार मोठा आहे. फाईल एकदा आली की मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे ब्लूटूथने जाते, शाळेच्या टॅबवर राहते, आशाताईंच्या फोनमध्ये राहते. निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत वीज आणि नेटवर्क दिवसेंदिवस नव्हतं. पाळी वादळासाठी थांबत नाही. इंटरनेट लागलं तरच उघडणारी माहिती नेमकी तेव्हाच निरुपयोगी ठरते.

आता मजकुराकडे येते, कारण माझी खरी तळमळ इथे आहे. राज्याच्या, देशाच्या पातळीवर तयार झालेली सामग्री शास्त्राच्या दृष्टीने चुकीची नसते. ती आपल्या हवेला लागू पडत नाही. पाळीचं कापड धुऊन कडक उन्हात वाळवा, हे वाक्य प्रत्येक पुस्तिकेत, प्रत्येक व्हिडिओत असतं. मालवण तालुक्यात जुलै महिन्यात असा एक व्हिडिओ दाखवून झाल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, कपडो उनात सुकत घालूक सांगतत, पण आता ऊन खंय असा?” बाहेर चार दिवसांची झड लागलेली. वर्गातल्या सगळ्या मुलींनी माझ्याकडे पाहिलं, कारण प्रश्न सगळ्यांचाच होता. मृगापासून हस्तापर्यंत आपल्याकडे उशांची खोळसुद्धा धड वाळत नाही. त्या चार महिन्यांत मुली अर्धओलं कापड वापरतात, मांड्यांना चट्टे उठतात, खाज सुटते आणि ती कोणाला सांगत नाहीत. व्हिडिओने त्यांना एवढंच शिकवलं की योग्य गोष्ट आपल्याला जमत नाही.

त्याच जागी असा संदेश हवा:

“पावसाळ्यात कापड वापरत असशील तर हे ऐक. जाड कापडाऐवजी पातळ सुती कापड घे आणि घड्या घालून वापर, पातळ कापड लवकर सुकतं. साबणाने स्वच्छ धू, घट्ट पिळ आणि घरात वारा खेळतो तिथे दोरीवर मोकळं पसर. लपवायचं म्हणून त्यावर दुसरा कपडा टाकू नकोस, त्याने ते ओलंच राहतं. सुकत आलं की गरम इस्त्री फिरव. हाताला गार, दमट लागलं तर ते घेऊ नकोस, दुसरं घे. चार ते सहा तासांनी बदल. खाज, फोड, दुर्गंधी असलेलं पांढरं-पिवळं पाणी असं काही असेल तर ते बरं होतं, डॉक्टरांना दाखव.”

एक मिनिटाच्या आत बोलून होतं. यात नवं विज्ञान काही नाही. फक्त सांगणाऱ्या व्यक्तीने एक पावसाळा इथे काढलेला आहे. तसाच संदेश मे महिन्यासाठी वेगळा लागेल, कारण एवढा पाऊस पडूनही मेमध्ये आपल्या विहिरी तळाला जातात आणि कापड धुवायला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न पुढे येतो. आरोग्यशिक्षणाला इथे ऋतूंचं वेळापत्रक हवं.

त्या वेळापत्रकातली माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची तारीख म्हणजे गणपतीच्या आधीचे तीन आठवडे. मुली जो प्रश्न हमखास, पण हळू आवाजात विचारतात तो हा: पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली तर चालते का? घरात गणपती, मुंबईहून सगळे आलेले, स्वयंपाकघरात हातांची गरज, आणि नेमकी तारीख त्यातच. मग काकी किंवा आईच औषधाच्या दुकानातून गोळ्या आणते. कधी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीलाही दिल्या जातात. यावर मला मिळालेली जवळपास सगळी डिजिटल सामग्री एकतर गप्प आहे, किंवा पाळीत शिवाशिव पाळणं ही अंधश्रद्धा आहे एवढं सांगून थांबते. विटाळ मानू नये हे माझंही ठाम मत आहे आणि मी ते वर्गात बोलते. पण मुलीला उद्या सकाळी गोळी घ्यायची की नाही हे ठरवायचं आहे, आणि घरची रीत ती एकटी त्या रात्रीत बदलू शकणार नाही. तिला माहिती हवी. या गोळीत बहुतेकदा नॉरएथिस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कोणाला रक्तात गुठळी झालेली आहे, यकृताचा आजार आहे, त्यांनी तर डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय ती घेऊच नये. गोळ्या थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. आणि गोळ्या चालू असताना एका पायाला सूज येऊन दुखू लागलं, छातीत दुखलं, धाप लागली, तर पूजेचा विचार न करता ताबडतोब दवाखान्यात जायचं. हा संदेश श्रावणात गेला पाहिजे. नवरात्रात पोहोचला तर उशीर झालेला असतो.

रक्ताच्या कमतरतेचंही असंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोहाची. ती बाहेर जाऊन टाकून देणाऱ्या मुली मला माहीत आहेत, कारण एकदा रिकाम्या पोटी घेतल्यावर मळमळलं आणि दुसऱ्या दिवशी शौच काळी झाली म्हणून त्या घाबरल्या. जेवल्यावर घे, लगेच चहा पिऊ नकोस, काळी शौच लोहामुळे होते आणि त्यात धोका नाही, ही तीन वाक्यं त्यांना कोणी सांगितली नव्हती. सफरचंद आणि बीटाची चित्रं मात्र भिंतीवर होती. सुका जवळा, कुळथाची पिठी, नाचणी, वर लिंबू, हे ज्या घरात रोज आहे तिथे त्याच ताटाबद्दल बोला.

सर्वांना पोहोचेल असं म्हणताना अंध आणि कर्णबधिर मुली बहुधा यादीतून सुटतात. मराठीत तर एक जास्तीचा अडथळा आहे आणि तो पूर्णपणे आपण निर्माण केलेला आहे. आरोग्याची बहुतेक पत्रकं चित्राच्या रूपात व्हॉट्सॲपवर फिरतात. अंध मुलगी फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) लावून ऐकते, तेव्हा तिला त्या पत्रकातलं बहुतेक काहीच ऐकू येत नाही, कारण तिथे मजकूर नाही, मजकुराचा फोटो आहे. पीडीएफ जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये केलेली असेल तर वाचक सॉफ्टवेअर अर्थहीन अक्षरं बोलत सुटतं. युनिकोडमध्ये टाइप केलेला साधा मजकूर सोबत जोडणं हा पाच मिनिटांचा आणि बिनखर्चाचा उपाय आहे. कर्णबधिर मुलींसाठी आवाज उपयोगाचा नाही, तिथे भारतीय सांकेतिक भाषेतला छोटा व्हिडिओ आणि खाली ठळक अक्षरं लागतील, जास्त एमबी खर्ची पडले तरी. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्यामुळे हे कोणाच्या मर्जीवर सोडायची गोष्टच राहिलेली नाही.

पालकांकडून एक आक्षेप येतो आणि तो मी गांभीर्याने घेते: आमच्या पाठीमागे मुलींना हे सगळं का ऐकवता? माझं उत्तर असं की पाठीमागे काही नसावंच. शाळेच्या पालकसभेत तेच संदेश आयांना, आणि बापांनाही, मोठ्याने ऐकवा. काय आहे ते एकदा कानांनी ऐकलं की विरोध पुष्कळ ओसरतो, असा माझा अनुभव आहे. कित्येक आया सभा संपल्यावर थांबून स्वतःच्या तक्रारी विचारतात. पण मुलगी कोणत्या दिवशी कोणता संदेश ऐकते, हे कळण्याचा हक्क कोणालाही नको, आईलाही नको. संदेशांची यादी उघडी आणि तिचं ऐकणं खाजगी, अशी विभागणी सगळ्यांना समजावून सांगता येते.

आणि हे सारं शेवटी माणसापर्यंत पोहोचलं पाहिजे. दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, पंधरावं वर्ष उलटूनही पाळी आलेली नसेल, दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर ध्वनिमुद्रित आवाज पुरत नाही. आशाताई जवळच्या आहेत, पण त्याच वाडीत त्या कोणाच्या तरी काकी आहेत, आणि काही गोष्टी मुलगी काकीला सांगत नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांमध्ये किशोरवयीनांसाठी समुपदेशन केंद्रं आहेत, महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री’ म्हणतात. त्या केंद्राचा वार, वेळ, खोली, तिथे बसणारी व्यक्ती बाई आहे का, आणि परतीची एसटी किती वाजता, एवढं त्या नंबरवर ऐकता आलं पाहिजे आणि ते दर महिन्याला बदलून खरं ठेवलं पाहिजे. खोलीला कुलूप दिसलं तर ती मुलगी दुसऱ्यांदा येत नाही, कारण तालुक्याला येण्यासाठी तिने घरी काहीतरी कारण सांगितलेलं असतं. मनाची घालमेल असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आणि संकटात मुलांच्या मदतीचा १०९८ हे नंबर संदेशाच्या शेवटी हवेतच. लैंगिक अत्याचाराबद्दल कोणाला सांगितलं तर ऐकणाऱ्यावर पोक्सो कायद्याने कळवण्याचं बंधन येतं. हेही तिला आधीच, साध्या शब्दांत सांगा. विश्वासाने बोलल्यावर पोलीस दारात आले असं तिला वाटता कामा नये.

खर्चाचा मुद्दा काढला जाईल. एका फोन-सेवेचा आणि शंभर-सव्वाशे ध्वनिमुद्रित संदेशांचा खर्च जिल्हा नियोजन समितीला न पेलणारा नाही. रत्नागिरीत आकाशवाणीचं केंद्र आहे, आपल्या बोलीत स्वच्छ बोलणाऱ्या बायका किनाऱ्यावर गावोगाव आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञ मजकूर तपासायला आनंदाने तयार होतात. फक्त काम देताना करारात डाउनलोडची संख्या लिहू नका. त्याऐवजी एक परीक्षा लिहा. सड्यावरचं एक, खाडीकाठचं एक आणि बंदरातलं एक अशा तीन गावांतल्या मुली निवडा, त्यांच्यात निदान एक अंध आणि एक कर्णबधिर मुलगी असू द्या. प्रत्येकीला घरातला फोन दहा मिनिटांसाठी मागून घ्यायला सांगा आणि तिच्या मनातल्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला सांगा. फोन परत दिल्यावर घरच्या कोणाला त्यात काही सापडतं का तेही तपासा. आधी जुलैत, मग पुन्हा गणपतीच्या आधी. या परीक्षेत पास झाल्यावरच ठेकेदाराचं शेवटचं बिल निघावं.